टाळ्यांसाठी एक फितूर

माइक हातात आला की ऋतुजाचे पाय लटपटायचे, ही आता जुनी गोष्ट झाली होती. आठवीपर्यंत ती "आदरणीय व्यासपीठ" एवढंच म्हणून रडत खाली उतरायची आणि पुढे महिनाभर पोरं तिला 'आदरणीय' म्हणूनच हाका मारायची. नववीत राम सरांनी तिचं मनावर घेतलं. इतिहासाच्या तासाला रोज उभं करून बोलायला लावलं, चुकली तर पुन्हा, अडखळली तर पुन्हा. आणि एक दिवस घशात अडकलेलं काहीतरी निघून जावं तसं झालं. दहावीत आली तेव्हा तिच्या हातातून माइक काढून घ्यायला शिपाई पाठवावा लागायचा!

त्यामुळे सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, खडकदऱ्याच्या शाळेत भाषण कोण करणार हा प्रश्नच नव्हता. खडकदरा म्हणजे आष्टी तालुक्याचं अगदी कडेचं गाव. डोंगर उतरला की नगर जिल्हा. निजामाच्या काळात हीच मुलखाची हद्द होती, अलीकडे निजाम आणि पलीकडे इंग्रज. इंग्रज गेले, पलीकडे तिरंगा लागला, पण अलीकडची माणसं आणखी वर्षभर निजामाचीच रयत राहिली. हे ऋतुजाला फार झोंबायचं. "म्हणजे डोंगराच्या त्या बाजूची शेळी स्वतंत्र आणि या बाजूचा माणूस गुलाम!" हे वाक्य तिनं स्वतः तयार केलं होतं आणि त्याच्यावर ती जाम खूश होती.

लढ्याची कारणं तिला पाठ होती. धान्याची जबरदस्तीची लेव्ही, करोडगिरी नाक्यावरची जकात, रझाकारांचा जुलूम. परिणामही पाठ होते. पण राम सर म्हणाले, "हे सगळं पुस्तकात आहे. आपल्या गावाचं काय?"

गावाचं असं होतं. अठ्ठेचाळीस साली गावातली तीन तरणी पोरं हद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात जाऊन मिळाली होती. त्यांनी निजामाचा करोडगिरी नाका जाळला. पुढे घरच्यांना भेटायला आली तेव्हा रझाकारांनी त्यांना ओढ्यात गाठून गोळ्या घातल्या. शाळेसमोरचा नावं कोरलेला दगडी खांब त्यांचाच. पोरं त्या दिवशी येणार हे कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, ते आजवर गावाला कळलेलं नव्हतं.

"माझ्याकडं हाय एक गोष्ट," सायली मधल्या सुट्टीत म्हणाली. सायली म्हणजे अंगद धनगराची पोरगी. पहिलीपासून दोघी एका बाकावर. "आमचा पणजा, तात्याबा. त्याची मेंढरं हद्दीवर चरायची. ती पोरं अंधारात येऊन गेली की मातीत त्यांचे ठसे राहायचे. मग पणजा उजाडायच्या आत त्याच वाटंनं मेंढरं हाकायचा. सगळं साफ! रझाकार येऊन बघतेत तर नुसत्या खुरांच्या खुणा. आमच्या आबांनी सांगितलंय. मी अजून कुणालाच सांगितलं न्हाई. घे तुझ्या भाषणाला."

"सायले, सोनं आहेस तू, सोनं!"

"फक्त पणज्याचं नाव घे. आबांना लई बरं वाटंल."

सतरा तारखेला पटांगण गच्च भरलं होतं. व्यासपीठावर तालुक्याहून आलेले पाहुणे, त्यांच्या शेजारी ऋतुजाचे वडील तानाजीराव, म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. ऋतुजा उभी राहिली आणि सुटलीच! लेव्ही झाली, नाका झाला, शेळीच्या वाक्याला हशा झाला. मग तिनं आवाज खाली आणला.

"एक मेंढपाळ होता. त्याला हद्दीवरच्या सगळ्या वाटा ठाऊक होत्या."

पटांगण चिडीचूप झालं. कुणी खोकेना. पाहुण्यांनी मोबाइल खिशात ठेवला. अशी शांतता ऋतुजाला कधीच मिळाली नव्हती. एवढी माणसं, आणि सगळी तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होती! त्या शांततेपुढे ठसे पुसणारी मेंढरं तिला एकदम बारकी वाटली. लोकांना काहीतरी मोठं हवं होतं. आणि तिला कळायच्या आत तिचं तोंड बोलून गेलं,

"आणि ज्याला वाटा ठाऊक होत्या, त्यानंच एक दिवस वाट दाखवली! चार मेंढरांसाठी त्यानं तीन वाघ विकले!"

टाळ्या! नुसत्या टाळ्या नाहीत, शिट्ट्या, घोषणा. पाहुणे उभे राहिले. ऋतुजाचे कान गरम झाले, अंगावर काटा आला. पाहुण्यांच्या हातून भाषणाची ट्रॉफी घेताना तिची नजर पुढच्या रांगेवर गेली. तिथं बंकटआबा बसले होते, सायलीचे आजोबा, तात्याबांचा मुलगा. आबा कधी कुठल्या कार्यक्रमाला यायचे नाहीत. आज स्वच्छ धुतलेला फेटा बांधून आले होते. बापाचं नाव ऐकायला. टाळीसाठी वर आलेले त्यांचे हात हळूच परत गुडघ्यांवर गेले.

ऋतुजानं हातातली ट्रॉफी खाली घेतली. पण फोटोवाला म्हणाला, "इकडं बघ ताई," आणि ती हसली. हे हसणं तिला पुढे फार दिवस छळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सायली शेवटच्या बाकावर जाऊन बसली. ऋतुजा तिच्यामागे गेली.

"कावून केलंस?" सायलीनं विचारलं.

"अगं, मी कुणाचं नाव घेतलं का? कुठलाही मेंढपाळ असू शकतो."

"त्या टायमाला गावात मेंढराचा कळप एकच होता. शेंबड्या पोरालाबी ठाव हाय." सायलीचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "अन् नाव न्हाई घेतलंस, तेच तर. नावच घ्यायला सांगितलं होतं मी तुला."

तरी ऋतुजानं स्वतःची समजूत घातली. भाषण होतं, संपलं, लोक विसरतील. पण तानाजीरावांनी व्हिडिओ स्टेटसला टाकला होता, आणि गावात ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये ऋतुजा हात उंचावून ओरडत होती. चार मेंढरांसाठी तीन वाघ! चार मेंढरांसाठी तीन वाघ!

उडीद निघून रानं मोकळी झाली होती. ज्वारीची पेरणी व्हायच्या आत शेतकरी धनगराला बोलावून रानात मेंढरं बसवतात. मेंढरं तिथंच मुक्काम करतात, लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि बदल्यात धनगराला ज्वारी. अंगदचं घर दिवाळीपर्यंत याच्यावर चालायचं. मग तो एकटा कळप घेऊन लांब जायचा आणि बाकीची मंडळी गावात राहायची, म्हणून तर सायलीची शाळा चालू होती.

ऋतुजा गिरणीत दळण घेऊन गेली होती. बाहेर ओट्यावर सुंदरराव बसले होते आणि अंगद समोर उभा होता.

"अंगद, औंदा आमच्या रानात नको बे मेंढरं."

"कावून मालक? ठरलं होतं की आपलं. उद्या येणार होतो."

"ठरलं होतं. आता नको. खताच्या गोण्या आणल्यात."

"गेल्या साली तर म्हणला होता, लेंडीसारखं खत न्हाई."

"आरं, तोंड कशाला उघडायला लावतूस?" सुंदरराव दुसरीकडे बघत म्हणाले. "माझा चुलता हाय त्या खांबावर. त्याच्याच रानात तुमची मेंढरं बसवू व्हय? पोरीनं माइकवर सांगितलं, सगळ्या गावानं ऐकलं."

अंगदनं काठी उचलली. वळला तेव्हा दारात पिठाचा डबा घेतलेली ऋतुजा दिसली. त्यानं तिला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "पीठ सांडतंय बाई तुमचं," आणि गेला.

मग एकाचं बघून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं. कुणी सांगितलं रान नांगरायचंय, कुणी सांगितलं भावानं नको म्हटलंय. सायली शाळेत यायची बंद झाली. वर्गात कुजबुज होती की अंगद बिऱ्हाड हलवणार, सगळेच नगरकडे जाणार, घराला कुलूप लावून. राम सरांनी हजेरी घेताना सायलीचं नाव दोनदा पुकारलं. दोन्ही वेळा ऋतुजाला वाटलं की आपलंच नाव पुकारलंय.

संध्याकाळी तिनं वडिलांना गाठलं.

"पप्पा, ते मी बनवलं होतं."

"काय बनवलं?"

"मेंढपाळानं फितुरी केली ते. तात्याबा तर त्या पोरांच्या बाजूचे होते. मी खोटं बोलले."

तानाजीराव हसले. "मग? भाषणात तिखटमीठ लागतंच. राजकारणात ये तू, लई पुढं जाशील."

"पण लोकांना ते खरं वाटतंय! कुणी त्यांना रान देईना!"

तानाजीरावांनी मोबाइल बाजूला ठेवला. "हे बघ ऋतू. लोक मला येऊन काय म्हणतेत माहीत हाय? आज मोकळं वाटलं म्हणतेत. इतकी वर्षं ज्याला त्याला आतून भ्या होतं, फितूर आपलाच आजा तर न्हाई? तू सगळ्यांची सुटका केलीस. आता म्हणणार, खोटं होतं? मग पुन्हा सगळे एकमेकाकडं बघत बसणार. निवडणूक तोंडावर आलीय. गप बस."

तेव्हा ऋतुजाला त्या टाळ्या कळल्या. त्या तिच्या बोलण्याला नव्हत्या. पटांगणातल्या प्रत्येकानं आपापल्या घरावरचा संशय उचलून एका कळपावर टाकला होता, आणि हात रिकामे झाले म्हणून वाजवले होते. आणि टाकायला जागा कुणी दाखवली? तिनं!

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती गायरानाच्या कडेला, सायलीच्या घरी गेली. दारात बोचकी बांधून ठेवली होती. बंकटआबा दोरी वळत बसले होते.

"या, आदरणीय," आबा म्हणाले.

ऋतुजाला एकदम हुंदका फुटला.

"रडू नको. मेंढरं बुजतेत."

"आबा, माझं चुकलं. मी सगळ्यांना सांगते. पण नुसतं 'तात्याबा नव्हते' म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. खरं कुणी सांगितलं होतं? तुम्हाला माहीत असेल तर मी माइकवर..."

"बघा!" सायली आतून भांडी आपटत बाहेर आली. "हिला अजून एक फितूर पायजे!"

खरंच होतं ते. ऋतुजा चूक कबूल करायला आली होती, आणि मनात पुन्हा भाषणच तयार होत होतं.

आबांनी दोरी खाली ठेवली. "माझ्या बापाला ठाव होतं. मलाबी हाय. रझाकारांनी एकाच्या लेकराला विहिरीवर उलटं धरलं होतं. माझ्याच वयाचं लेकरू. त्याचा बाप बोलला. कुठला बाप न्हाई बोलणार? मग हिंदुस्थानची फौज आली, निजाम गेला. लई खुशी झाली बघ, गूळ वाटला गावानं. अन् मग लोक उट्टं काढायला निघाले. रझाकार तर कवाच पळून गेलते. मागं राहिले गरीब मुसलमान, पिंजारी, तांबोळी, ज्यांनी कुणाचं काय केलं न्हाई. शेजारच्या गावात त्यांची घरं पेटलेली मी डोळ्यांनी बघितली. हे न्हाई तुझ्या पुस्तकात?"

"नाही," ऋतुजा म्हणाली.

"आपल्या गावातले बापाकडं आले. तू हद्दीवर असतूस, फितूर कोण हाय ते सांग. बाप म्हणला, मला ठाव न्हाई. हाणला त्याला. तरी म्हणला, ठाव न्हाई. म्हणून आपल्या गावात काडी लागली न्हाई."

"मग आता सांगा ना आबा!" सायली ओरडली. "आता कुणी कुणाचं घर जाळत न्हाई. आपल्याला गाव सोडावं लागतंय. सांगा की नाव!"

"न्हाई."

"कावून?"

"त्या लेकराला नातवंडं हायती. पतवंडं तुझ्याच शाळेत येतेत."

ऋतुजा पुढे सरकली. "आबा, आमच्या घरातला होता का?"

आबांनी दोरी पुन्हा हातात घेतली. "ते इचारू नको. इचारलं की पुन्यांदा सुरू होतं."

शनिवारी सकाळी ऋतुजा मारुतीच्या देवळात गेली. गावाला काही सांगायचं असलं की तिथल्या भोंग्यावरून सांगतात. पाणी सुटलंय, रेशन आलंय, कुणाची शेळी हरवलीय. तिनं माइकचं बटण दाबलं आणि तिचे पाय लटपटायला लागले.

"मी ऋतुजा बोलतेय. तानाजीरावांची. सतरा तारखेला मी भाषणात... ते फितुरीचं... ते खोटं होतं. मी बनवलं. टाळ्यांसाठी. तात्याबा मेंढरं हाकून त्या पोरांचे ठसे पुसायचे. फितुरी त्यांनी नाही केली. कुणी केली ते मला माहीत नाही. मला माफ करा."

ना चढ, ना उतार. राम सरांनी एकही मार्क दिला नसता. ती बाहेर आली तेव्हा तिला वाटलं, आता लोक रागावतील. रागावू दे! शिव्या देऊ दे, ट्रॉफी काढून घेऊ दे!

पायरीवर बसलेली माणसं उठून तिच्याजवळ आली. सुंदररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, कुणी दम दिला का तुला?"

"नाही काका, मी स्वतःच..."

"अंगद आलता का घरी? का वाटंत अडवलं?"

"ही काल त्यांच्याच वस्तीवर गेलती," मागून कुणीतरी म्हणालं. "म्या बघितली, रडत येत होती."

"म्हणजे बघा! एवढ्याशा लेकराला धमकावलं!"

"नाही हो! कुणी नाही धमकावलं! ऐका ना!"

"भिऊ नको. आमी हावोत."

ती जितकं नाही नाही म्हणाली तितकी त्यांची खात्री होत गेली. खोटं एका दमात सगळ्यांच्या गळी उतरलं होतं, आणि खरं कुणी हातातसुद्धा घेईना. तिला वाटलं होतं की खरं सांगितलं की संपतं. उलट आता अंगदवर आणखी एक आळ आला होता, आणि तोही तिच्यामुळेच.

ती पळत घरी आली. तानाजीराव ताटावर बसून फोनवर कुणाला तरी समजावत होते, "अहो, पोरीची तब्येत बरी न्हाई." आई, संगीताबाई, भाकरी थापत होती.

"मम्मी, ओढ्याकडचं रान कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. कावून?"

"मग तिथं मेंढरं बसवायची का नाही, हे तूच ठरवणार ना?"

थापणारा हात थांबला. तानाजीरावांनी फोन कानापासून बाजूला केला. "संगीता, तू यात पडू नको."

आईनं भाकरीवर पुन्हा हात फिरवला. "तो व्हिडिओ मीबी पाठवला होता," ती म्हणाली. "माझ्या सगळ्या बहिणींना. बघा माझी पोरगी म्हणून. किती येळा फिरवून फिरवून बघितला." तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले. "उडीद निघालाय. रान मोकळंच हाय."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. रान काय लोकांच्या नावावर न्हाई."

तानाजीराव ताट तसंच ठेवून बाहेर गेले. त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि आईचा चेहरा उतरला. ऋतुजाला तेही लागलं. आता आईच्या वाट्यालाही काहीतरी आलं होतं.

गायरानावर अंगदनं घोड्यावर बोचकी चढवायला घेतली होती. ऋतुजानं धापा टाकत निरोप सांगितला.

"नको," अंगद म्हणाला. "तुमच्या घरचे उपकार नको आमाला."

"उपकार कसला बे?" आबा काठी घेऊन उठले. "लेंड्या त्यांला, ज्वारी आपल्याला. रोकडा व्यवहार. हाक मेंढरं."

कळप भर दुपारी गावातून गेला. दुसरी वाट नव्हती. पारावरच्या माणसांनी माना वळवल्या, दुकानातली बाहेर आली. ऋतुजा सगळ्यात पुढे चालत होती. एवढे डोळे आपल्यावर असते तर आठवड्यापूर्वी तिनं मान ताठ केली असती, ओळखीच्यांना हात केला असता. आज तिला चपलांचा आवाजसुद्धा नको वाटत होता. सुंदरराव दारात उभे होते. त्यांनी हाक मारली नाही आणि शिवीही दिली नाही. कळप जाईपर्यंत बघत राहिले आणि आत गेले.

ते रानात पोचले तेव्हा ऋतुजाची आई आधीच बांधावर येऊन उभी होती. मेंढरं पसरायच्या आत भोवती वाघर लावायची असते, म्हणजे दोरीचं लांबलचक जाळं, मेखांना ताणून बांधलेलं. सायली एका टोकाला मेखा ठोकायला लागली. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. ऋतुजानं धरलं. सायलीनं बघितलं, पण नको म्हणाली नाही.

"ताठ धर."

"धरलंय."

"न्हाई धरलं. ढिली असली की कोकराचा पाय अडकतो अन् वढून वढून मरतं ते."

ऋतुजानं पाय रोवले आणि ओढलं. दोरी तळव्यात रुतली.

"सायले, सोमवारी शाळेत येशील?"

सायलीनं मेख ठोकली. मग पुढच्या मेखेपाशी गेली. "ह्या रानात आठवडा निघंल. मग दुसऱ्या कुणी बोलावलं तर थांबू."

"आणि नाही बोलावलं तर?"

सायलीनं दगड उचलला, मेखेवर नेम धरला. "मला काय इचारतीस? आठवडा हाय तुझ्याकडं. घरोघर जा. माइक न्हाई मिळायचा तिथं." तिनं दगड हाणला. जाळं थरथरलं. "अन् आता धर नीट. परत ढिलं सोडलंस."